डाव्या मनगटावरचं घड्याळ

६ जानेवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू ‘बरं आहे, बरं आहे’ असं दोनदा म्हणतोस आणि वहिनीच्या हातात फोन देऊन मोकळा होतोस. म्हणून पत्र. ते असं दुसऱ्याच्या हातात देऊन सुटता येत नाही.

वहिनीकडून सगळं कळलं. झटका येऊन पाच महिने झाले, पाय सुधारला, तोंडाचा वाकडेपणा गेला (जिभेचा जाणार नाही, तो जन्माचा आहे), पण डावा हात तू मांडीवर ठेवून दिलास तो दिलासच. डॉक्टर म्हणतात, वापरशील तेवढा तो परत येईल. तू म्हणतोस, कापड दाबून धरता येत नाही तो हात काय कामाचा. आणि आता ऐकते की कटिंगचं टेबल चौकातल्या रेडीमेडवाल्याला देऊन टाकायचं ठरवलंस. चाळीस वर्षं ज्या टेबलावर तू कोट कापलेस, त्यावर तो प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले शर्ट रचणार. ऐकून माझा जीव तुटला. मार्चअखेरपर्यंत तरी थांब, एवढं माझं ऐक.

सोबत रुमालात गुंडाळून एक घड्याळ पाठवते आहे. माझ्या दुकानात बंद पडलेल्या घड्याळांचा एक डबा आला होता, त्याच्या तळाशी हे होतं. पन्नास-पंचावन्न सालचं असावं. दीड महिना रोज दुपारी त्याच्याशी बसले. तबकडी मुळात पांढरी असणार, आता सायीसारखी झाली आहे. तिला मी हात लावला नाही, कारण असा रंग माणसाला देता येत नाही. आकडे नाहीत, तारीख नाही. बारा बारीक सोनेरी रेघा आणि दोन निमुळते काटे. काच किंचित फुगीर आहे, तिरकी धरली की काटे वाकल्यासारखे दिसतात. आणि जाडी इतकी कमी की शर्टाच्या कफाखाली सरकतं आणि विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. हल्लीची सेलची घड्याळं मनगटावर डबी बांधल्यासारखी दिसतात. हे घातलेला माणूस नुसता नीटनेटका दिसतो आणि कशामुळे ते बघणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. खोटं कशाला सांगू, विकायचं म्हणून दुरुस्त करायला घेतलं आणि प्रेमात पडले.

तू जन्मभर गिऱ्हाइकांना विचारत आलास की घड्याळ कोणत्या हातात घालता, म्हणजे त्या बाजूचा कफ पाव इंच सैल कापता येईल. स्वतः मात्र कधी घातलं नाहीस. आता घाल, डाव्या हातात. किल्ली देत बसायचं नाही, हे ऑटोमॅटिक आहे.

वहिनीला नमस्कार. राग सोडून बाकी जे काही द्यावंसं वाटेल ते उलट टपाली पाठव.

तुझी धाकटी,
खुडबुडी


१५ जानेवारी

चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

घड्याळ पोचलं. देखणं आहे, यात वाद नाही. इतकी वर्षं लोकांची मनगटं मापली, त्यात असं घड्याळ तीनदा-चारदाच पाहिलं असेल. एका गृहस्थांच्या कफाचं माप घेताना माझी नजर त्यावरून हटेना, तेव्हा त्यांनी ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं होतं. थंड आणि जड. जरा हलवलं की आत काहीतरी सुळकन फिरायचं. मी पटकन परत दिलं, कारण हात खडूने माखलेले होते. ते सगळं तुझ्या रुमालाची गाठ सोडताना आठवलं.

पण बाई, तुझी खुडबूड यावेळी फुकट गेली. लहानपणी घरातलं गजराचं घड्याळ उघडून बसायचीस तेव्हाही एक चाक उरायचंच, तसं यातही काही उरलं असेल तर बघ. सकाळी तुझ्या वहिनीने माझ्या डाव्या हातात बांधलं, दुपारी सव्वादोनला बंद. दुसऱ्या दिवशी एकलाच बंद. ऑटोमॅटिक म्हणजे आपोआप चालणारं, असा माझा आपला समज होता.

टेबलाचं म्हणशील तर मार्चअखेरपर्यंत थांबतो. रेडीमेडवाल्याला तसं सांगितलं आहे. तुझ्या शब्दाखातर, माझ्या आशेखातर नव्हे. कापड सरळ धरायला दुसरा हात नसला तर कटर मास्तर कसला? शिलाईवाले काका आपले मशीनवर बसून जुन्या पँटी उसवतात आणि मी त्यांच्यासमोर हातावर हात धरून बसतो. एक हात तर दुसऱ्याने धरूनच ठेवावा लागतो, म्हणून ते जमतं.

तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच, वेगळे मागू नकोस.

तुझा
दादा


२२ जानेवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

चाक उरलेलं नाही. घड्याळ ठणठणीत आहे. ते पाठवण्याआधी आठ दिवस माझ्या हातात होतं, मिनिटभर मागेपुढे झालं नाही.

ऑटोमॅटिक म्हणजे आपोआप चालणारं नव्हे, ही चूक निम्मं गाव करतं. आत अर्ध्या चकतीसारखं एक वजन असतं. मनगट हललं की ते फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळत जातं. म्हणजे किल्ली तूच देतोस, फक्त तुला ती दिल्याचं कळत नाही. दिवसभर हात चालला तर रात्रभर टेबलावर पडूनही ते चालतं. हात मांडीवर बसून राहिला तर बिचारं कशावर चालणार? दुपारी सव्वादोनला घड्याळ थांबलं नाही, दादा, तू थांबलास.

लागलं ना? लागू दे. माझी एकच विनंती आहे. ते डाव्या हातात बांध आणि रोज कितीला थांबतं ते लिहून ठेव. एवढं केलंस तर मी तुला आणखी काही ऐकवणार नाही, निदान एप्रिलपर्यंत.

तुझ्या माराला न घाबरणारी,
खुडबुडी


१० फेब्रुवारी

चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

घे, आता तोंडात बोट घाल. घड्याळ गेले अकरा दिवस बंद पडलेलं नाही. सकाळी उठून बघावं तर काटे आपले पुढे पुढे. शिलाईवाल्या काकांनी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. त्यांच्या मते भिंतीवरचंच मागे पडतं. तू म्हणालीस तसं केलं आणि गुण आला, झालं? आता मला पुन्हा पुन्हा विचारू नकोस.

खरं सांगतो, वस्तू जीव लावणारी आहे. दुपारी उन्हाची तिरीप खिडकीतून आली की तबकडीवरच्या रेघा एकामागून एक उजळतात. मी नुसता बघत बसतो. यात अमुक वाजले आणि अमुक राहिलं अशी घाई नाही.

एकच तक्रार. कारागिराने कारागिराला सांगावी म्हणून सांगतो. त्याची ती बारीक चावी कफाच्या कडेत अडकते. हात खाली सोडला की कफ घसरतो आणि थेट चावीवर येऊन बसतो. दोन शर्टांचे धागे ओढले गेले. इतकं नाजूक घड्याळ करणाऱ्या माणसाला शर्टाची जाण नसावी, याचं नवल वाटलं.

वहिनी मजेत आहे. कळावे, माया पातळ करू नये.

तुझा
दादा


१६ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा काउंटरवर तीन गिऱ्हाइकं होती, तरी मी ते उभ्याने वाचलं आणि आनंदाने डोळे भरून आले. मग चहा पिताना पुन्हा वाचलं आणि चहा थंड झाला.

दादा, घड्याळाची चावी तीनच्या रेघेपाशी असते. डाव्या मनगटावर ती बोटांकडे तोंड करून बसते. कफ वरून घसरत आला तर त्याची कड आधी नऊच्या बाजूला लागते, आणि तिथे अडकायला काही नाही. चावी कफाकडे तोंड करते ती एकाच परिस्थितीत, घड्याळ उजव्या हातात असलं तर. ते करणाऱ्या माणसाला शर्टाची चांगली जाण होती. त्याने फक्त तुझ्यासारखा लबाड गृहीत धरला नव्हता.

आणि उजव्या हातातला पट्टा डाव्या हाताने तुला लावता येत नाही. म्हणजे वहिनीही सामील आहे. तिच्याशी मी सवडीने भांडेन.

धागा ओढला गेला हे तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही, यातच तू पकडला गेलास. शर्टाचा एक धागा निघाला तर ज्याला चैन पडत नाही, तो तू टेबल देऊन टाकून कसा जगणार आहेस? मला फसवलंस त्याचं काही नाही. लहानपणापासून फसवतोस. पण त्या डाव्या हाताला तू इतकं परकं केलंस की त्याच्या वाट्याचं घड्याळही उजव्याला दिलंस. उजवं-डावं करायची सवय आपल्या घरात नव्हती. मला फार वाईट वाटलं.

रागावलेली, पण तुझीच,
खुडबुडी


३ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमची गुन्हेगार लिहिते आहे. पट्टा मीच लावत होते. थांबलेलं घड्याळ बघून यांचा चेहरा इतका पडायचा की मला नाही म्हणवेना. यांनी उजवा हात पुढे केला, मी मुकाट्याने बांधलं. त्याबद्दल हवं ते बोला, मी ऐकून घेईन.

तुमचं पत्र वाचल्यावर दोन दिवस यांनी घड्याळाला हात लावला नाही. मला वाटलं, घड्याळ आता कपाटात जातं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि डावा हात उजव्याने उचलून माझ्या पुढ्यात धरला. मी बांधलं. मग दुकानात गेले आणि टेबलावर जुनं अस्तर पसरून डाव्या तळव्याने त्याच्या सुरकुत्या मोडायला लागले. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू सहा महिने धूळ खात पडला आहे, त्याला हात लावला नाही. यांना कापडच लागतं.

रोज कितीला थांबलं ते मापाच्या वहीत लिहितात. आधी दुपारी तीन, मग संध्याकाळी सहा. एक दिवस पुन्हा बारा, त्या दिवशी जेवले नाहीत. परवा सकाळी काटे पहाटेच्या चारवर थांबलेले दिसले तर परीक्षेचा निकाल लागल्यासारखे मला दाखवायला आले. हात अजून छातीच्या वर जात नाही. वेळ बघायची तर उजव्या हाताने डावा उचलून डोळ्यांपुढे धरतात. कापड सरकतं, चिडतात, अस्तर भिरकावतात, पुन्हा स्वतःच उचलून आणतात. काल शिलाईवाले काका मदत करायला उठले, तर त्यांना आपल्या मशीनकडे लक्ष द्यायला सांगितलं. पूर्वीसारखेच खेकसले, मला बरं वाटलं.

मार्च लागला, आता एकच महिना उरला. रेडीमेडवाला काल टेबलाची लांबी मोजून गेला. तो गेल्यावर हे बराच वेळ टेबलाच्या कडेवरून हात फिरवत उभे होते. कुठला हात ते मी तुम्हाला मुद्दाम लिहीत नाही, तुम्ही ओळखालच.

माझ्यावरचा राग गिळून लोभ तेवढा ठेवा.

तुमची
वहिनी


२९ मार्च

चि. खुडबुडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रेडीमेडवाल्याला निरोप पाठवला की टेबल रिकामं नाही. तो म्हणाला, मी येऊन टेप लावून गेलो, कपाटं आखली. मी सांगितलं, टेप मीही लावतो, म्हणून समोरचा माणूस माझा होत नाही.

झालं असं की सोमवारी वाद्यवृंदाचे संचालक आले. जाड लोकरीचं काळं कापड घेऊन. त्यांचे हात कार्यक्रमभर हवेत असतात, त्यामुळे कोटाची बगल चुकली की कॉलर कानापर्यंत चढते. आजवर त्यांचे सगळे कोट मी कापले. मी आजारी आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कापड टेबलावर टाकलं आणि नेहमीसारखे हात पसरून मापाला उभे राहिले. तुझ्या वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी टेप गळ्यात घातली.

मापं उजव्यानेच घेतली, टेपचं दुसरं टोक शिलाईवाल्या काकांनी धरलं. संचालकांना म्हटलं, खडूची रेघ तुमच्यासमोरच मारतो, बसा. मग कापड पसरलं, डावा तळवा त्यावर ठेवला आणि कात्री चालवली. लोकर जड असते, ती ओढते. पहिल्या हातभर कापात दोनदा सरकली. मी थांबलो, पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा सरकली नाही. पाठ, मग पुढचे दोन्ही भाग, मग बाह्या. मला घाम फुटला होता आणि खांदा भरून आला होता. पण कात्रीचा तो एकसारखा कुर्र कुर्र आवाज आठ महिन्यांनी माझ्या हातून निघत होता आणि मला थांबायचं नव्हतं. बाही कापून संपली तेव्हा कड हातात घेऊन पाहिली. कुठे दातेरी झालेली नाही. मी बढाई मारत नाही, कापड तुला दाखवायला ठेवलं असतं, पण ते शिवायला गेलं.

वहीत आठ दिवस काहीच लिहिलेलं नाही, तेव्हा घड्याळ कितीला थांबलं असं विचारू नकोस. बघायला सवड झाली नाही. बांधतो, कामाला लागतो. ते आपलं कफाखाली असतं.

पण एक गोष्ट लिहायची आहे, त्यासाठी तर पत्र घेऊन बसलो. शेवटची बाही कापत असताना संचालकांना तालमीची आठवण झाली आणि त्यांनी किती वाजले ते विचारलं. माझी कात्री कापडात होती, ती सोडता येईना. मी सांगितलं, बाराला पंचवीस कमी. ते घाईने निघून गेले. मी बाही पुरी करायला वाकलो, तर दुकानात एकदम शांतता. काकांनी मशीन थांबवलं होतं. तुझी वहिनी दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मी विचारलं, काय झालं म्हणून. ती म्हणाली, वेळ सांगताना तुम्ही हात वर केलात. डावा.

मी केला होता, खुडबुडे. डोळ्यांपर्यंत. आणि मला कळलंही नाही.

आशीर्वाद दोन्ही हातांनी घे, आता तसेच देतो आहे.

तुझा
दादा