भांड्याला भांडं

९ नोव्हेंबर

चि. बडबडीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. 'मी बरी आहे, काळजी नसावी' एवढं लिहायला तू अख्खा कागद वाया घालवतेस. लहानपणी तुला गप्प करायला लाच द्यावी लागायची, म्हणून तर बडबडी नाव पडलं. असो. इथे थंडी सुरू झाली आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं कोण ऐकतं. तुझे बाबा ठीक आहेत.

त्यांच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम झाला, ते कळवायला हे पत्र. मोठं सभागृह, पूर्ण वाद्यवृंद, आणि शेवटी अर्थातच त्यांनी रचलेलं 'घर'. तू ते ऐकायचं सोडलंस त्याला कितीतरी वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते. सकाळी खिडकी उघडणारी बासरी म्हणजे मी. टेबलाशी लिहीत बसलेला चेलो म्हणजे ते. घरभर बागडणारी क्लॅरिनेट तू. दुपारी स्वयंपाकघरात व्हायोलिनं एकमेकींवर तडतडायला लागतात. त्या भागाचं नाव त्यांनी 'भांड्याला भांडं' ठेवलं, आणि कार्यक्रमपत्रिकेत दर वेळी छापतात की घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. मग एक खरंखुरं पातेलं पडतं, झाकण गरगर फिरत बसतं, लोक खदखदून हसतात, क्लॅरिनेटही खुदुखुदु हसते, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं गोड होतं. इतकी वर्षं मीही त्या जागी हसत आले. लोक वळून पहिल्या रांगेतल्या बाईकडे बघतात, तिने न हसून कसं चालेल.

पातेलं आपलंच आहे, हे तुला माहीत आहे. दुधाचं.

या वेळी तालवाद्यांना नवीन बाई होती. चाळिशीची असेल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. कार्यक्रमाच्या थोडे दिवस आधी ती पातेलं पिशवीत घालून घरी आली. बाबा केस कापायला गेले होते. तिची तक्रार अशी की पातेलं पाडलं तरी घरंगळत नाही, पोटाला पोचा आहे, तिथे येऊन अडतं. आधीचा वाजवणारा नुसतं झाकण फिरवून वेळ मारून न्यायचा, ते हिला पटत नव्हतं. म्हणाली, "काकू, तुमच्या घरी हे मुळात पडलं कसं? तेवढं कळलं तर मी तसं वाजवेन."

मी आधी तिला पाणी दिलं. पाणी द्यायला मी नेहमीच तत्पर. मागे एकदा जेवताना तू पाहुण्यांसमोर म्हणालीस, "आई, सांग ना, ते पडलं नव्हतं," तेव्हाही मी जग भरायला उठले होते. बाबा हसून म्हणाले, पोरीला कल्पनाशक्ती माझी मिळाली आहे. मी जग घेऊन परत आले तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती. तुला वाटलं असेल, आईने कानांवर हात ठेवले. डाव्या कानावर ठेवायची तर गरजच नव्हती. तो त्याच पातेल्याने गेला, आणि डॉक्टरांना आम्ही दोघांनी मिळून फळीवरून भांडं पडल्याचं सांगितलं.

या बाईला मात्र मी सांगितलं. तिने 'कसं' विचारलं म्हणून असेल. 'का' विचारलं असतं तर मी पुन्हा पाणी आणायला गेले असते.

"पडलं नव्हतं," मी म्हणाले. "भिरकावलं होतं."

तिने पोच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "थेट भिंतीवर? की मध्ये काही होतं?"

"मध्ये मी होते."

तिने पातेलं पिशवीत ठेवलं आणि गेली. मला वाटलं, झालं, बोलून मोकळी झाले, आता विषय संपला.

कार्यक्रमाला व्हायोलिनं तडतडली. माझ्या शेजारच्या बाई रुमाल तोंडाशी नेऊन हसायच्या तयारीत होत्या. तालवाद्यवालीने पातेलं पाडलंच नाही. काठाला धरलं, पोच्यावर एकच दणका हाणला आणि लगेच तळवा दाबून आवाज बंद केला. मागे एकदोघं हसायला लागले आणि थांबले. पुढे क्लॅरिनेटचं हसू होतं, लिहिलंय तसंच, एक सूर इकडचा तिकडे नाही. पण त्या शांततेत ते हसू राहिलंच नाही. पातेलं भिरकावलं त्या दुपारी दाराआड उभी राहून, फ्रॉकचा बोळा तोंडात कोंबून तू जे हुंदके गिळत होतीस, ते होतं.

म्हणजे बाबांनी तुला ऐकलं होतं, बये. नीट कान देऊन ऐकलं, उतरवून घेतलं आणि लोकांना हसायला दिलं. तू हे ऐकायचं का सोडलंस ते मला तेव्हा कळलं. तू क्लॅरिनेट ओळखली होतीस. मी इतकी वर्षं समोर बसून ओळखली नाही, आणि याची मला फार लाज वाटते.

टाळ्या झाल्या, जरा उशिराने. गाडीत ते माझ्या डाव्या बाजूला बसले होते. घर येईपर्यंत बोलत होते, हे हातवाऱ्यांवरून दिसलं. लोक म्हणतात, या कानाने ऐकावं आणि त्या कानाने सोडून द्यावं. माझ्याकडे सोडायला दुसरा कान नाही, त्यामुळे ऐकलेलं सगळं आतच साठतं. म्हणून मी उजवीकडच्या खिडकीतून बाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनतीन फोन केले आणि त्या बाईची नोकरी गेली. मी तिच्या घरी जाऊन आले. माफी मागायला लागले तर म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तसं वाजवलं, काकू." बाकी काही नाही. खरं बोलले मी, भरलं तिने.

पातेलं बाबांनी परत आणलं. ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, आता दूध यातच तापवत जा. आवाज चढवला नाही. हात थरथरतो त्यांचा हल्ली, पण पातेलं उचलण्यापुरता अजून चालतो. मी रोज त्यात दूध तापवते. पोच्यापाशी लागतं, घासताना जीव जातो.

मला आता इथे राहायचं नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं, म्हणून कागद असा दिसतो आहे. तुझ्याकडे येऊ का? कोपऱ्यात पडून राहीन, तुझ्या घरात नाक खुपसणार नाही. नको असेल तर 'नको' लिही. तो तुझा हक्क आहे, मी रागावणार नाही, रडेन एवढंच. पण या वेळी 'काळजी नसावी' लिहू नकोस.

आतून दुधासाठी हाक येते आहे. ही दुसरी. ती मी डाव्या कानाने ऐकते आहे.

तुझ्यासाठी उजवा राखून ठेवलेली,
आई