लेडीज ड्रिव्हन

बाबा, तुमची गाडी विकली. विकली म्हणजे भंगारात दिली. तुम्ही गेल्यापासून अकरा वर्षं ती मुलुंडच्या आपल्या इमारतीमागे भिंतीकडे तोंड करून उभी होती. आता इमारत पाडणार आहेत, महिनाअखेर आवार मोकळं करायचंय, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने तिच्या काचेवर ‘बेवारस’ असा कागद चिकटवला होता. बेवारस नव्हती. दोन वारस होते. एकाला ती नको होती आणि दुसरीला ती कधी दिलीच नव्हती.

दादाला बोरिवलीला फोन केला. तो म्हणाला, “अगं, कोणी फुकट उचलून नेली तरी हात जोड. दहा हजार आले तर पार्टी दे.” मग पुढे, “बोलणी मी करतो. तुला गंडवतील.” हे वाक्य त्याचं नाही, तुमचं आहे. बाईमाणूस दिसलं की समोरचा भाव पाडतो, असं तुम्ही भाजीपासून फ्रीजपर्यंत प्रत्येक बाबतीत म्हणायचात, आणि स्वतः मात्र दुकानदाराने सांगितलेली पहिली किंमत मोजून घरी यायचात. मी दादाला म्हटलं, तू फक्त ना-हरकत पत्रावर सही करून पाठव. या बंद गाडीचे जास्तीत जास्त पैसे मी एकटीने आणणार होते. पैशांची गरज नव्हती. तुमचं म्हणणं खोटं ठरायला हवं होतं.

रविवारची सकाळ. मी बारा-तेरा वर्षांची आहे, हातात बादली. तुम्ही बनियनवर जिन्याच्या तोंडाशी उभे आहात. “टपावर साबण राहिला. वरून खाली पुसायचं, किती वेळा सांगू?” मी चाकांच्या खाचांत बोटं घालून चिखल काढते. मग दादा केस विंचरून खाली येतो, तुम्ही त्याला चालवायच्या सीटवर बसवता, स्वतः शेजारी बसता, आणि गाडी मैदानाकडे जाते. मी बादली उपडी करते. अठराव्या वर्षी मी विचारलं, तेव्हा तुम्ही हसलाही नाहीत. “क्लच जाळशील. लग्न झाल्यावर नवरा शिकवेल.” नवऱ्याने शिकवलं नाही, तो निराळा विषय. गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हिंग स्कूल होतं, पगार माझा होता, तरी मी गेले नाही आणि खापर तुमच्यावर फोडत राहिले. ते सोयीचं होतं. पण तुम्ही तरी काय चालवायचात? पावसात गंज धरतो म्हणून काढायची नाही, उन्हात रंग उडतो म्हणून काढायची नाही. आईला शेवटी दवाखान्यात रिक्षातून नेलंत, कारण ती ओकली असती तर सीट खराब झाली असती. हे तुम्ही बोलून दाखवलं होतंत, तिच्यासमोर.

पहिला भंगारवाला आला तो टायरला लाथ मारतच आला. “साहेब आहेत का घरी?” “वारले.” “मग मुलगा?” “मी आहे.” “आठ हजार.” दुसऱ्याने फोटोवरून पंधरा सांगितले, आणि प्रत्यक्ष आल्यावर गाडीभोवती फिरत च्च च्च करत नऊवर उतरला. दोघांना घालवलं आणि आठवडाभर मी शिकले. आरसी पुस्तकात गाडीचं वजन लिहिलेलं असतं. ते गुणिले भंगाराचा दर, त्याच्याखाली यायचं नाही. बॅटरी, रेडिओ आधी काढून विकायचे नाहीत. अख्ख्या गाडीला भाव बरा मिळतो. गिअरबॉक्स चांगला असेल तर तसं सांगायचं, कारण तो वितळवत नाहीत, दुसऱ्या गाडीत बसवतात. तुम्ही वीस वर्षं गाडी बाळगलीत. यातलं काही तुम्हाला ठाऊक होतं, असं मला वाटत नाही.

तिसरा कुर्ल्याचा, वयस्कर, चष्मा दोरीने गळ्यात. “एकवीस.” मी म्हटलं, चोवीस, नुसत्या वजनाचेच तेवढे होतात. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. “वजन काढलंत? मग बोलायचं काय राहिलं.” आत वाकून त्याने हाताने क्लच दाबला, गिअर मागेपुढे केला. “मख्खन आहे. लेडीज ड्रिव्हन आहे का? असली तर सांगा, मॅडम. बायका गिअर ठोकत नाहीत, क्लचवर पाय टाकून बसत नाहीत. आमच्या धंद्यात त्याचे दोन हजार जास्त.”

बाबा, धंद्यात त्याचे दोन हजार जास्त.

“हो,” मी म्हटलं. “मीच चालवायचे.”

“मग सव्वीस. झालं.”

त्याच्या दोन माणसांनी टायरांत हवा भरली, जाम झालेली चाकं हातोडीने ठोकून सोडवली. टेम्पो गेटाबाहेर होता. “मॅडम, तुम्हीच बसा. आम्ही ढकलतो. तुमच्या हातची गाडी आहे.” मी बसले. सीट मागे, तुमच्या लांब पायांच्या मापाने. माझे पाय पेडलांपर्यंत पोचेनात. “पुढे घ्या ना सीट.” ती कशी घेतात, मला माहीत नव्हतं. बाजूला चाचपून जे हाताला लागलं ते ओढलं, आणि पाठ सपाट झाली. मी छताकडे बघत आडवी. माणसं खिदळली. तो नाही हसला. त्याने पाठ उभी करून दिली, खालची दांडी हिसडून सीट करकरत पुढे आणली, मग हळू आवाजात म्हणाला, “ही सीट आजवर पुढे आलेलीच नाही, मॅडम. दोन हजार गेले.”

“गेले.”

“उतरा आता. आमचा माणूस बसेल.”

“नाही. मीच काढते.”

“गेटाला ठोकलीत तर सोसायटीला तुम्ही द्यायचे.”

“देईन.”

त्यांनी ढकललं. स्टेअरिंग एवढं जड असतं याची मला कल्पना नव्हती. “डावीकडे, डावीकडे! अहो मॅडम, डावा हात कुठला तुमचा?” आरसा गेटाच्या खांबाला घासून मोडला. रस्त्यावर ब्रेक लागेना, तेव्हा त्यांनी चाकाखाली दगड सरकवला. त्याने माझ्या हातावर चोवीस हजार ठेवले. आरशाचे कापले नाहीत.

दादाला आकडा सांगितला. तो म्हणाला, “वा! कोणाला बोलावलं होतंस बोलणी करायला?” मी फोन ठेवला. तुम्ही वेगळं काही विचारलं नसतंत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहिते. गेटापासून टेम्पोपर्यंत तीसेक पावलं असतील. तेवढा वेळ मला भाव आठवला नाही, तुम्हाला खोटं पाडायचं आठवलं नाही, तुम्हीही आठवला नाहीत. मी मोठ्याने हसत होते. माणसांना वाटलं, मी घाबरून ओरडतेय, आणि ती आणखी हळू ढकलू लागली. मी त्यांना सांगितलं नाही.