वास न येणाऱ्यांचा गट

आप्पा, तुमच्याशी मी कधी अशा मराठीत बोलले नाही. घरात आपण अहिराणीच बोलायचो, आणि ही मराठी शाळेतली, दप्तरात ठेवून द्यायची. पण अहिराणीत लिहायला घेतलं की दोन ओळींतच तुमचा आवाज ऐकू यायला लागतो आणि हात थांबतो. म्हणून ही अशी. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. मी आता पुण्यात असते. डॉक्टर झाले नाही, संख्याशास्त्र शिकले. ज्यांचा दमा कुठल्याच औषधाला नीट दाद देत नाही, अशा माणसांची माहिती वेगवेगळ्या दवाखान्यांतून आमच्याकडे येते. दमा कितव्या वर्षी सुरू झाला, रक्तात काय सापडलं, वजन किती, नाकाचं काय, कशाने त्रास वाढतो. माणसागणिक एक ओळ. त्या ओळींमधून कोण कोणासारखं आहे ते हिशेबाने शोधायचं आणि त्यांचे गट पाडायचे, हे माझं काम.

हे तुम्हाला समजावणं सोपं गेलं असतं. तुम्ही कारखान्यात पॅनमन होतात. रस आटून साखर धरते त्या मोठ्या पॅनपाशी तुमची उमेदीची सगळी वर्षं गेली. मी सातवीत असताना एका दुपारी तुम्ही मला आत नेलं होतं. पॅनमधून थेंबभर पाक काढून तुम्ही काचेच्या पट्टीवर पसरला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "काय दिखी ऱ्हायनं?" मी म्हटलं, "सम्द सारखंच शे." तेव्हा तुम्ही जरा चिडलात. "लांबथीन सम्द सारखंच दिखस. जवळ ये, एक एक दाना दख." मी पाहिलं. काही दाणे टोकदार होते, काही एकमेकांना चिकटलेले, काही नुसती पूड. तुम्ही खुश झालात आणि बाहेर आल्यावर मला गरम भजी खाऊ घातलीत. भज्यांचा वास कसा सुटलाय असं मी म्हणाले, तर तुम्ही नुसते हसलात. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

तुमचा दमा लहानपणापासूनचा नव्हता. अडतिसाव्या की चाळिसाव्या वर्षी सर्दी झाली ती गेलीच नाही, मग नाकात मांस वाढलं, ते कापून काढलं तरी पुन्हा वाढलं, आणि मग छाती वाजायला लागली. एकदा तुम्ही चुलीपाशी पाटावर बसून पेपर वाचत होता. आई बाहेर ओट्यावर शेजारणीशी बोलत होती. ती आत आली तर घरभर धूर.

"दाय जयी गयी! तुमले वास नही उना का?"

"माले काही वास येत नही," तुम्ही पेपरातून मान वर न काढता म्हणालात.

आई म्हणाली, यांचं लक्षच नसतं. मलाही तसंच वाटलं. घरात तो विनोदच झाला. अत्तर लावलेला पाहुणा येऊन गेला की आम्ही मुद्दाम विचारायचो, आप्पा, वास उना का? तुम्ही आमच्याबरोबर हसायचात. आज आमच्याकडच्या माहितीत वास येतो की नाही याचा एक वेगळा रकाना आहे, आणि तो भरताना मला दर वेळी ती डाळ आठवते.

शहाद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कारखान्याची हवा बाधते, काम बदला. त्यांची तरी काय चूक? उसाच्या चोथ्याचा, बगॅसचा भुसा उडायचा, बॉयलरची राख अंगणात पडायची, गावात ज्याला त्याला तेच खरं वाटलं. तुम्ही अर्ज केलात. तुम्हाला स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवलं. पॅनवरच्या शेवटच्या दिवशी तुम्ही ब्राह्मणपुरीला घरी सायकल हातात धरून चालत आलात. आईला म्हणालात, "पॅन नही ते काय, जीव ते शे." पण छाती वाजायची थांबली नाही. मी तेव्हा अकरावीत होते आणि दोन पुस्तकं जास्त वाचल्याचा ताठा होता. मी तुमच्यावर ओरडले, तुम्ही दम्याचा पंप नीट ओढत नाही म्हणून बरं वाटत नाही, औषध घ्यायचं तर नियमाने घ्या. तुम्ही उठून पंप आणलात आणि माझ्यासमोर ओढून दाखवलात, शाळेतल्या मुलाने पाढा म्हणून दाखवावा तसा. अगदी बरोबर ओढलात.

आणि मग तो दाताचा दिवस. मी नाशिकहून कॉलेजच्या सुट्टीला आले होते. गाल सुजलेला, तुम्ही उशीला डोकं टेकून बसला होता. आई मळ्यात गेलेली. "बेटा, एखादी गोयी शे का घरमा?" माझ्या पर्समध्ये दुखण्याची गोळी होती, मुली ठेवतात तशी. मी दिली, वर पाणी दिलं. थोड्या वेळाने तुमचा चेहरा लाल झाला, नाक गळायला लागलं, मग श्वास. तुम्ही बोटाने खिडकी दाखवत होता, उघडीच होती ती. शेजारच्यांची जीप मिळाली. शहाद्याला पोचेपर्यंत तुमचा हात माझ्या हातात गार पडत गेला. डॉक्टर म्हणाले, जुना दमा, मोठा ॲटॅक आला. सगळ्यांनी मान्य केलं. मीही केलं.

गेल्या वर्षी आमच्या ओळींमधून पाच गट निघाले. त्यातला एक पाहून मी खुर्ची मागे सरकवली. दमा मोठेपणी सुरू झालेला, नाकात मांस वाढलेलं, वास गेलेला, रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. आणि त्याच गटात पुन्हा पुन्हा एक नोंद: दुखण्याच्या गोळीनंतर त्रास. आमच्या बाजूला बसणाऱ्या छातीच्या डॉक्टर बाईंना मी दाखवलं. म्हटलं, हे काहीतरी नवीन सापडलंय.

त्या म्हणाल्या, "नवीन नाही गं. दम्याचा तो प्रकारच आहे. अशांना साधी पेनकिलरसुद्धा जिवावर बेतू शकते. तुझ्या हिशेबाने तो आपोआप वेगळा काढला, म्हणजे पद्धत बरोबर चालली आहे."

"हे आधीपासून माहीत होतं?"

"कितीतरी वर्षं. फक्त नेहमीच्या दवाखान्यात कोणी विचारत नाही. वास येतो का, असं दम्याच्या पेशंटला कोण विचारतं?"

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मग एक एक आठवत गेलं. मामांच्या लग्नात कमरेसाठी गोळी घेतलीत आणि मांडवातून उचलून न्यावं लागलं, तेव्हा सगळे म्हणाले, अक्षतांच्या वेळची गर्दी, धूळ. त्याआधी एकदा तापात गोळी घेतल्यावर. प्रत्येक वेळी धूळ, हवा, राख, आणि आम्ही तुम्हाला पॅनपासून तोडलं. आप्पा, मला नक्की माहीत नाही. गटावरून एका माणसाचं निदान करता येत नाही, हे मीच नव्या मुलांना शिकवते. तुमचं रक्त कोणी तसं तपासलं नव्हतं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आई ओसरीवर ज्वारी निवडत होती. मी विचारलं, आप्पांचा वास कधी गेला गं? तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, दम्याच्या दोन वर्षं आधी. लग्नाच्या वाढदिवसाला तिने मोगरा माळला होता आणि तुम्हाला कळलाच नव्हता. ती रुसली होती. मग तुम्ही तिला सांगितलं होतं, कोणाला सांगू नको, पॅनवरचे लोक हसतील, पाक करपला तर ह्याला कळायचं नाही म्हणतील. म्हणजे तिला माहीत होतं; डाळीच्या दिवशी वासाचं तिच्या तोंडून चुकून निघून गेलं, आणि मग लक्षच नसतं म्हणून तिने झाकून घेतलं होतं.

मी गोळीचं सांगायला तोंड उघडलं. एवढंच म्हणाले, "त्या दिनले मी गोयी दिधी व्हती ना..."

आईने पुन्हा सूप उचललं. "हां. बरं झायं तू दिधी. त्यास्ना दात ते थांबना व्हता."

दाताचं दुखणं तरी थांबलं होतं, याचंच तिला समाधान. मी तिच्यासोबत ज्वारी निवडत बसले. तिला मी सांगणार नाही, आणि हे पत्रही तिच्या हाती लागू देणार नाही.

एकच गोष्ट कबूल करायची राहिली, ती माझ्या ऑफिसातल्याही कोणाला माहीत नाही. परत आल्यावर मी माझ्या संगणकावर त्या माहितीची एक वेगळी प्रत काढली आणि शेवटी तुमची ओळ घातली. नियमात बसत नाही ते. सुरू झाला चाळिशीत, नाकात मांस होय, वास नाही, गोळीने त्रास होय. रक्ताचे रकाने मोकळे सोडले. तुम्ही तीन दिवस त्या माणसांमध्ये होतात. मी सकाळी आल्या आल्या आधी तुम्हाला उघडून पाहायची. चौथ्या दिवशी तुमची ओळ काढली आणि गट पुन्हा पाडून पाहिले. एकही माणूस जागचा हलला नाही. एकाच्या जाण्याने गट बदलत नसतील तर ते पक्के, असं आम्ही मानतो, त्याचा आनंद व्हायला हवा. मला राग आला, आप्पा. कोणीतरी एकाने तरी हलायला हवं होतं.