ड्रायरवरचा हार कोणी काढला, याबाबत

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक (दावे),
पश्चिमतट सर्वसाधारण विमा कंपनी,
घाटकोपर (पश्चिम), मुंबई.

अर्जदार: श्रीमती सुगंधा काशीराम घाडीगावकर, राहणार नाहूर, मालकीण, सुगंधा लेडीज ब्युटी पार्लर, मुलुंड (पश्चिम).

विषय: पार्लरमधील ड्रायर चोरीस गेल्याचा व आरसा फुटल्याचा दावा, विशेषतः आपल्या सर्व्हेअरच्या अहवालातील एक वाक्य रद्द करणेबाबत.

संदर्भ: दावा नामंजूर केल्याचे आपले गेल्या महिन्यातील पत्र.

महोदय,

हा अर्ज अर्जदारांचे शेजारी, सेवानिवृत्त हेडक्लार्क विद्याधर गुप्ते, बाईंना समोर बसवून लिहीत आहेत. मजकूर बाईंचा आहे. भाषा कचेरीची आहे, कारण गुप्ते यांना दुसरी येत नाही.

१. अर्जदारांचे पती श्री. काशीराम हे कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. संप झाला आणि गिरणीचे दार त्यांच्यासाठी कायमचे बंद झाले. तेव्हापासून घर पार्लरवर चालते. पार्लरमधील सामानाचा चोरी व नुकसानीचा विमा आपल्या कंपनीत उतरवला असून त्याचा एकही हप्ता चुकलेला नाही.

२. गिरणीत खंडेनवमीला काशीराम आपला साचा पुसून, हार घालून पूजत असत. त्या दिवशी खात्याची दारे उघडी असत. कामगारांची बायकामुले साचे बघायला येत. पूजलेल्या यंत्राला त्या दिवशी कुलपात ठेवायचे नाही, असा त्यांच्या खात्याचा रिवाज होता. संपापासून त्यांच्याकडे पूजायला काहीच उरले नाही. यंदा त्यांनी बायकोकडे ड्रायर मागितला. ड्रायर म्हणजे बायकांच्या डोक्यावर टोपासारखा बसतो तो, चाकांच्या स्टँडवरचा. बाई आधी खूप हसल्या, मग त्यांना भरून आले आणि त्या हो म्हणाल्या.

३. काशीराम यांनी ड्रायर लखलखीत पुसला, झेंडूचा हार घातला, पुढे समई लावली. शटर अर्धे वर ठेवले. संध्याकाळी दोघे मंडळाच्या देवीच्या आरतीला गेले. आरती चालू असताना काशीराम समईत तेल घालायला परत आले, तो ड्रायर नाही आणि भिंतीवरचा आरसा फुटलेला. ते धावत बाईंना बोलवायला गेले.

४. कुलूप वा शटर फोडल्याशिवाय पॉलिसीप्रमाणे चोरी होत नाही, असे आपले म्हणणे. काउंटरवरच्या साहेबांनी तर सर्वांदेखत विचारले, "बाई, तुम्ही कुलूपच लावलं नाहीत, तर चोराने तोडायचं काय?" लोक हसले. बाईंना ते लागले, पण त्यात खोटे काही नव्हते. चूक झाली, ती त्या मान्य करतात.

५. मान्य नाही ते पुढचे. सर्व्हेअर साहेब लिहितात: "हार नीट काढून खुर्चीवर ठेवलेला होता. चोर असे करीत नाही. पती बेकार आहेत. हे काम घरातल्या माणसाचे असावे." आरशाबद्दल हेच साहेब लिहितात की, तो ड्रायर ओढून नेताना धसमुसळेपणाने फुटला. म्हणजे एकच माणूस हाराशी हळुवार आणि आरशाशी आडदांड. गुप्ते यांनी नोकरीत पुष्कळ अहवाल वाचले, पण एकाच पानावर असे दोन चोर त्यांनी पाहिलेले नाहीत.

६. त्या वाक्यावरून काशीराम यांना पोलीस चौकीवर वारंवार बोलावतात. ड्रायर कुठे विकलास, एवढेच विचारतात. इकडे एका गोदामात त्यांची रखवालदाराची नोकरी ठरली आहे. एक जानेवारीला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला घेऊन हजर व्हायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला. चौकीवर म्हणतात, कंपनीने आपला शेरा मागे घेतल्याचे लेखी आणा, मग दाखल्याचे बघू. संपानंतर पहिल्यांदाच त्यांना कोणी कामावर ये म्हटले आहे. साहेब, दिवस हातात थोडे आहेत.

७. येथे गुप्ते यांनी, चोरसुद्धा देवभोळा असू शकतो, असा झकास मुद्दा लिहिला होता. बाईंनी तो खोडायला लावला. त्याऐवजी पुढील मजकूर घालायला सांगितला. तो घालू नये, असा गुप्ते यांचा सल्ला होता. तो बाईंनी मानला नाही.

८. आपला अहवाल इंग्रजीत आहे. तो गुप्ते यांनी वाचून दाखवला, त्या दिवशी बाई घरी गेल्या आणि नवऱ्याला ताट वाढता वाढता त्यांनी विचारले, "हार तुम्ही काढलात?" काशीराम म्हणाले, "होय, मीया उचललंय. पुजेचो हार पायाखाली पडललो. वर बुटाचो ठसो. तसोच कसो ठेवतलंय?" चोराने भिरकावलेला हार त्यांनी उचलला, झटकला, खुर्चीवर ठेवला आणि मग ते बायकोला बोलवायला धावले. हे त्यांना तोवर कोणी विचारलेच नव्हते. सर्व्हेअर साहेब पॉलिसी बाईंच्या नावावर म्हणून बाईंशीच बोलले, आणि बाईंनी जसे पाहिले तसे, हार खुर्चीवर होता, एवढे सांगितले.

९. उत्तर देऊन काशीराम यांनी बायकोकडे पाहिले. ती का विचारते आहे, ते त्यांच्या लक्षात आले. ते ताटावरून उठले. त्यानंतर ते पार्लरची पायरी चढलेले नाहीत. शटर उघडून देतात आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहतात.

१०. तरी अर्जदार या अर्जाने ड्रायर व आरसा या दोन्हींचा दावा राजीखुशीने मागे घेत आहेत. भरपाई नको. फक्त ते वाक्य खोडावे आणि खोडल्याचे पत्र काशीराम यांच्या नावे द्यावे. आपले वाक्य कागदावर आहे, साहेब, ते खोडता येते. बाईंचे मात्र तोंडून गेले आहे.

पत्र न्यायला बाई स्वतः येतील, आणि मिळेपर्यंत बाकावर बसून राहतील.

आपली नम्र,
सुगंधा काशीराम घाडीगावकर

नाहूर, ९ डिसेंबर १९८६

सोबत: पॉलिसीची नक्कल, पंचनाम्याची नक्कल, आपण पुरावा म्हणून मागितलेला आरशाचा तुकडा (कागदात गुंडाळला आहे, हाताला जपावे).