परवा निघायचं

१२ जानेवारी

चि. बाळ यास,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुमचंही ठीक असणार, नसतं तर तू लगेच कळवलं असतंस.

काल तुझा फोन झाला, तरी आज लिहायला बसले आहे. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आठवडाभर अप्पांना समुद्रावर न्यायचं, किनाऱ्यालगत खोली घेतली आहे, पूर्वीसारखी लाटांत उभं राहून मासेमारी करायची, हे सगळं समजलं. "शेवटचं एकदा," असं तू दोनदा म्हणालास. त्यांचं शेवटचं की तुझ्या रजेचं, ते मी विचारलं नाही.

सामान कितपत शाबूत आहे, असं विचारलंस. उत्तम आहे. लांब काठी दोन्ही तुकड्यांसकट जागेवर आहे. रीळ तेलपाणी करून मऊ फिरतं. दोरीला वजन म्हणून लावायचं शिसं आहे, काठी उभी करायला वाळूत रोवायची नळी आहे, छातीपर्यंत येणारी ती रबरी विजारही आहे आणि तिला एकही भोक नाही. गळ मी स्वतः घासूनपुसून ठेवले आहेत. गळाचा दोरा, तंगूस, मात्र नवा लागेल. जुन्याला आता गाठींशिवाय काही उरलेलं नाही.

हे सगळं मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर मांडलेलं असतं. अप्पा सकाळी चहा झाला की तिथे बसतात आणि गळ बांधायला घेतात. तुला वाटत असेल, ते दिवसभर छताकडे बघत पडून असतात. मुळीच नाही. शेजारच्या निवृत्त कारकुनापेक्षा अप्पांचा दिवस जास्त कामात जातो. कोणत्या पायात कोणती चप्पल, हे त्यांना उमगत नाही. पण तंगूस ओला करून, पाच वेढे देऊन, शेपूट मागे ओवून ती गाठ ते डोळे मिटून मारतात. बोटं विसरलेली नाहीत. बाकीचं सगळं विसरून झालं आहे.

तेव्हा तुझ्या बेताला माझं उत्तर : नको. त्यांची तयारी चालू आहे, ती चालू राहू दे. समुद्रावर जाण्याची त्यांना गरज नाही.

तू हे ऐकणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. तुला लहानपणापासून कुणी नको म्हटलेलं नाही.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. तिने पाठवलेली शाल अप्पांना टोचते, म्हणून मी वापरते.

ताई


२ फेब्रुवारी

चि. बाळ यास,

आशीर्वाद.

माझ्यामागून सकाळच्या बाईंना फोन करून चौकशी केलीस, हे बरं केलंस. बाईंनीच मला सांगितलं. त्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून तर मी त्यांना ठेवलं आहे.

बाई म्हणाल्या ते खरं आहे. अप्पा सकाळभर जे बांधतात ते मी दुपारी सोडवते. जेवण झालं की ते झोपतात. मग मी टेबलाशी बसते, गाठी सोडवते, सुटत नाहीत त्या कापते, शिसं डब्यात, गळ बुचात खोचून, पिशवी रिकामी. चारला ते उठतात, टेबल बघतात आणि म्हणतात, "अरे बापरे, अजून काहीच तयारी नाही!" आणि बसतात पुन्हा बांधायला.

"हा छळ आहे, ताई. तू म्हाताऱ्या माणसाचा छळ करतेस." हे तुझे शब्द. पुढचे मी लिहीत नाही, तुला आठवत असतील.

आता माझं ऐक. मागच्या वर्षी, ही तयारी सुरू व्हायच्या आधी, ते दिवसातून अनेकदा आईला हाक मारायचे. माझी बायको कुठे आहे, असं मला विचारायचे. पहिल्यांदा मी खरं सांगितलं, ती गेली म्हणून. ते रडले. तासाभराने पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तितकेच रडले. जणू बातमी आत्ताच दारात आली आहे. दोनदा ते रस्त्यावर गेले तिला शोधायला. एकदा पायात काही नव्हतं, एकदा अंगात काही नव्हतं. लाँड्रीवाल्याने चादर गुंडाळून घरी आणून सोडलं. मी तुला तेव्हा फोन केला होता. तू म्हणालास, "ताई, आत्ता मीटिंगमध्ये आहे."

मग एके दिवशी माळ्यावरून काहीतरी काढताना काठी खाली आली. त्यांनी ती हातात घेतली आणि विचारलं, "कधी निघायचं?"

मी म्हटलं, "परवा."

त्या दिवसापासून आईचं नाव नाही. रस्ता नाही, रडणं नाही. रोज परवा निघायचं असतं, त्यामुळे ते रोज खुशीत असतात. याला तू छळ म्हण. मी चाळीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं आहे. नाव काय द्यायचं यावरून आजार बदलत नाही.

पण तू विचारलंस म्हणून तेही लिहिते. मला यात सुख वाटतं का? हो, वाटतं.

ते मला ओळखत नाहीत. मी सामान मांडणारी कुणी बाई आहे, असं ते धरून चालतात. रोज हेच बोलणं :

"ए बाई, माझा मुलगा आला का?"

"येतोय."

"तो आला की निघू. त्याच्याशिवाय मजा नाही."

"परवा येतोय."

"हुशार आहे हो. काठी अशी फेकतो, की शिसं लाटेच्या पार."

"आणि मुलगी?"

"आहे ना एक. घरी असते." असं म्हणून पुढची गाठ घेतात.

ज्या दिवशी हे बोलणं होतं, त्या दिवशी दुपारी मी नुसत्या गाठी सोडवून थांबत नाही. रीळभर तंगूस काढून त्याचा चांगला गुंता करून ठेवते. संध्याकाळभर ते तो सोडवतात आणि मी समोर बसून पेपर वाचते. एकदा अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, जरा मदत करा हो." मी म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की."

हे वाक्य कुणाचं, ते तुला सांगायला नको. दर वर्षी सुट्टीच्या आधी तुम्हा दोघांचे गळ कोण बांधायचं? तुला तर गाठ यायचीच नाही, अजूनही येत नसेल. मी बांधायची, मी रिळाला तेल घालायची, पिशवी भरायची, आणि तुम्ही निघताना अप्पा माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणायचे, "पुढच्या वेळी नक्की तुला नेईन हं." मी लहान होते तेव्हा म्हणाले, मी कॉलेजात गेले तेव्हा म्हणाले, नोकरी लागली त्या वर्षी म्हणाले. मग तुझी मुलं मोठी झाली आणि ती जायला लागली. मी समुद्र पाहिला तो एका परिषदेला गेले असताना, हॉटेलच्या खिडकीतून, बसची वाट बघत.

असो. न्यायचंच असेल तर ने. पण माझी अट आहे. मी बरोबर येणार. सामान सांभाळायला नाही आणि अप्पांचे कपडे बदलायलाही नाही. मी विजार घालून पाण्यात उभी राहणार आणि काठी माझ्या हातात असणार. गाडीत तीन माणसं आरामात बसतात.

एवढं कबूल असेल तर ये. नवा तंगूस मी आणून ठेवते.

ताई


१० मार्च

चि. बाळ यास,

आशीर्वाद. पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. फोटोही मिळाला. अप्पा टोपी घालून, तू हात त्यांच्या खांद्यावर टाकून. मागे समुद्र. छान आला आहे. तुझ्या लोकांना आवडला असेल.

तू अट फोनवर कबूल केलीस, तेव्हा मी टोपी विकत घेतली. तीच ती, अप्पांच्या डोक्यावरची.

निघायच्या सकाळचं मी पुन्हा सांगत नाही असं ठरवलं होतं, पण सांगते, कारण तुला त्यात काही वाटलंच नाही. मी दारात पिशवी घेऊन उभी. तुझ्या गाडीत मागच्या सीटवर तुझा तो ऑफिसचा मित्र आधीच बसलेला, काळा चष्मा लावून. तू म्हणालास, "ताई, अगं हा ऐनवेळी तयार झाला. मागे काठी आडवी टाकायची म्हणजे जागाच उरत नाही. आणि तुलाही जरा विश्रांती हवीच ना?" मी पिशवी खाली ठेवली. मग तू ते बोललास. हसत, गाडीला चावी लावत : "पुढच्या वेळी नक्की!"

अप्पांनी खिडकीतून मला हात केला. म्हणाले, "बाई, घर नीट सांभाळा."

आता दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली छोटी आहे.

आठवडाभर एकही मासा लागला नाही, म्हणून तू चिडलास. अप्पा चिडले नाहीत, तू चिडलास. समुद्रात मासाच उरला नाही, असं रविवारी दारात मित्रापुढे म्हणालास. मासे होते, बाळ. आमिष रोज जात होतं ना? गळांची टोकं मी मागच्या वर्षीच कानशीने घासून बोथट केली होती, अप्पांच्या बोटांत रुतू नयेत म्हणून. "घासूनपुसून ठेवले आहेत" असं मी तुला लिहिलंही होतं. कुठलाही कोळी गळ आधी नखावर टेकवून बघतो. तू टेकवला नाहीस. माझ्यासाठी आणलेले नवे, धारदार गळ माझ्या पिशवीत होते आणि माझी पिशवी दारात राहिली.

दुसरी गोष्ट मोठी आहे.

तू त्यांना रविवारी दुपारी सोडलंस आणि चहा न घेता निघालास. ते आत आले ते थेट मोरीत गेले. गोड्या पाण्याने काठी धुतली. रीळ उघडलं, पुसलं, तेलाचा थेंब दिला. विजार उलटी करून दोरीवर टाकली. सगळं पद्धतशीर, मला कशालाही हात लावू दिला नाही. वाळल्यावर काठीचे तुकडे वेगळे करून कापडात गुंडाळले आणि मला म्हणाले, "माळ्यावर टाका."

सोमवारी सकाळी मी नेहमीसारखं टेबल मांडलं. चहा झाला. ते आले, बघितलं आणि अंगावर ओरडले, "हे कुणी काढलं? धुऊन ठेवलेली काठी पुन्हा काढतात का? समजत नाही तर हात लावू नका!"

त्यांचाच नियम. सामान एकदा धुऊन ठेवलं की वर्षभर त्याला शिवायचं नाही. तू विसरला असशील. त्यांची बोटं विसरलेली नाहीत.

मी म्हटलं, "अप्पा, परवा निघायचं आहे."

ते माझ्याकडे बघून हसले. "जाऊन आलो की, बाई."

आणि खिडकीपाशी बसले. जेवताना विचारलं, "माझी बायको कुठे आहे?"

मी सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. तंगूस हातात दिला, टाकून दिला. गुंता समोर ठेवला, बघितलाही नाही. आई बाजारात गेली आहे, असं सांगितलं तर तिला शोधायला उठतात. खरं सांगितलं तर रडतात. काल तर त्यांचं रडणं ऐकून शेजारचे कारकून दार वाजवून गेले. परवा संध्याकाळी लाँड्रीवाल्याने पुन्हा आणून सोडलं. या वेळी अंगात कपडे होते, एवढं समाधान.

तू त्यांना समुद्र दाखवलास. त्यांना तो आठवत नाही. फोटो दाखवला तर विचारतात, हे म्हातारे कोण? त्यांच्या हाती लागलं ते एवढंच, की जाऊन आलो. त्यांच्यापाशी रोजचा परवा होता तो तू एका आठवड्यात संपवलास, तोही बोथट गळांवर.

तेव्हा आता असं करायचं. या रविवारी सकाळी गाडी अप्पांना घेऊन तुझ्याकडे येईल. ड्रायव्हर ओळखीचा आहे, बरोबर बाई येतील आणि सोडून परततील. औषधं निळ्या पिशवीत आहेत. बाथरूमची कडी बाहेरून लागेल अशी बसवून घे. दाराला वरच्या बाजूला दुसरं कुलूप लाव, खालचं ते उघडतात. आईबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

फोन करू नकोस. मीटिंगमध्ये असेन.

तुला पाहून त्यांना आनंद होईल, याची मात्र खात्री बाळगू नकोस. काल मी विचारलं, "मुलगा आठवतो का?" म्हणाले, "होता एक. येणार होता."

सामान मी पाठवत नाही. ते लागणार आहे. तुझीच ती किनाऱ्यावरची खोली मी घेतली आहे, परत यायचा दिवस सांगितलेला नाही. खोलीवाला विचारत होता, मंडळी किती? म्हटलं, एक. धुऊन ठेवलेली काठी मी काल माळ्यावरून काढली, जोडली आणि गच्चीत जाऊन फेकून बघितली. शिसं थेट कारकुनांच्या टाकीपलीकडे गेलं. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही?" मला वहिनी म्हणायला माझं लग्न कधी झालेलं नाही, पण या वेळी मी त्यांना दुरुस्त केलं नाही. घाईत होते.

नवे गळ नखावर टेकवून पाहिले. मग बोटावर. रक्त आलं.

अप्पांना गाडीत बसवताना टोपी घालीन. तुम्ही दोघं दारात उभे राहून हात केलात, असं मी समजेन.

घर नीट सांभाळा. पुढच्या वेळी तुम्हा दोघांना नक्की नेईन.

ताई