अठ्ठ्याण्णव वासे

प्रति,
मा. श्रीरंग आगटे,
अध्यक्ष, बांधकाम समिती,
मराठी सभागृह मंडळ,
नोव्हाय, मिशिगन.

दिनांक : ७ ऑगस्ट २००६

विषय : सभागृहाच्या जमिनीखालचे वासे जमेच्या रकान्यातून काढून खर्चाच्या रकान्यात घालणे व त्यांची संख्या पूर्ववत करणेबाबत.

संदर्भ : समितीचे 'विषय संपला' हे दोनच शब्दांचे पत्र, दि. ३० जुलै २००६.

महोदय,

१. अर्जदार कांचन विध्वंस ही इमारतींच्या सांगाड्यांचे गणित करणारी परवानाधारक इंजिनिअर असून, मंडळाच्या नियोजित सभागृहाचे नकाशे तिने एक पैसाही न घेता काढून दिले आहेत. वर सभागृह आणि खाली तळघरात शनिवारची मराठी शाळा, अशी योजना आहे. मधली लाकडी जमीन पेलण्यासाठी तिने अठ्ठ्याण्णव वासे धरले. हे वासे अखंड लाकडाचे नसतात. वरखाली लाकडी पट्टी, मधे दाबून केलेली उभी फळी, आणि छेद घेतला तर इंग्रजी 'आय' अक्षर दिसते, म्हणून धंद्यात त्यांना 'आय जॉइस्ट' म्हणतात. वाहतुकीसह खर्च आठ हजार नऊशे डॉलर. इथवर सगळे सुरळीत होते.

२. त्यानंतर अंदाजपत्रक शुद्ध मराठीतच हवे, 'बजेट' हा शब्दसुद्धा कानावर यायला नको, असे आपण फर्मावलेत. खजिनदार देवदत्त यांनी अर्जदाराची इंग्रजी यादी देवनागरीत उतरवली, एका बाजूला 'आय' व दुसऱ्या बाजूला 'व्यय' असे रकाने आखले, आणि 'आय जॉइस्ट' ही बाब निःशंक मनाने 'आय'मध्ये टाकली. "कांचनताई, मला वाटलं जॉइस्ट म्हणून कोणी स्पॉन्सर असेल, डबल चेक नाही केलं," असे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले. खर्च तर गायब झालाच, वर तेवढीच रक्कम जमा दिसू लागली. सतरा हजार आठशे डॉलरची तफावत! सर्वसाधारण सभेने टाळ्या वाजवून ते पत्रक मंजूर केले आणि शिल्लक पाहून समितीने लगोलग जयपूरहून संगमरवरी चौथरा मागवला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. इथे आयजी मुळात जन्मालाच आली नव्हती.

३. चूक माणसाच्या हातूनच होते. देवदत्त यांच्यावर अर्जदाराचा राग नाही. त्यांनी निदान मान खाली घातली. राग आहे तो पुढच्या प्रकाराचा. चूक दाखवून दिल्यावर, सभेने मंजूर केलेल्या पत्रकाला हात लावला तर समितीची शोभा होईल, असे ठरले. चौथराही परत करायचा नव्हता. मग काटछाट कुठे, तर वाशांत. बारा इंचांवर एक वासा होता, तो चोवीस इंचांवर घालायचा. अठ्ठ्याण्णवचे पन्नास. हे कोणत्या गणितात बसते, असे अर्जदाराने भर बैठकीत विचारले, तेव्हा आपण म्हणालात, "कांचन, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत." सगळे हसले. कोणीतरी तिच्या आडनावावरही कोटी केली.

महोदय, वासे मोजणे हाच अर्जदाराचा व्यवसाय आहे. राहता राहिले खाणे. मंडळात तिने आजवर दोन बटाटेवडे खाल्ले आहेत, तेही कूपन विकत घेऊन.

४. राहत्या घराच्या जमिनीला दर चौरस फुटावर चाळीस पौंड भार धरतात, सभागृहाला शंभर. समितीने चाळीस धरला, कारण 'आपलं मंडळ म्हणजे एक फॅमिलीच आहे'. फॅमिली म्हटल्याने माणसांचे वजन उतरत नाही. त्यात आपली भारतीय बैठक. खुर्च्या मांडल्या तर जिथे शंभर माणसे मावतात तिथे आपण दोनशे बसतो. मंगळागौरीला तर साठ बायका एका ठेक्यावर नाचणार. त्यावर समितीने लेखी तोडगा काढला : 'यापुढे फुगडी बसून घालावी.' हा ठराव लिहिणाऱ्याने जन्मात बसफुगडी पाहिलेली नाही. बसफुगडीत बाई उकिडवी बसून उड्या मारते, आणि ती बसलेली आहे हे खालच्या वाशाला कळत नाही.

५. हेही अर्जदाराने गिळले असते आणि ती भांडत राहिली असती. पण गेल्या गुरुवारी नगर बांधकाम कार्यालयात तिला मंडळाने दाखल केलेला नकाशा पाहायला मिळाला. वासे पन्नास आणि खाली शिक्का तिचा. मूळ नकाशावरचा उचलून, तिला न विचारता, जसाच्या तसा चिकटवलेला. ती जमीन कोसळली असती तर कांचन विध्वंस हिच्या नावाने कोसळली असती. अर्जदार पार्किंगमध्ये गाडीत बसून रडली, आणि अशा माणसांपायी रडावे लागले याचा तिला अधिकच संताप आला.

सबब, आज सकाळी अर्जदाराने आपला शिक्का मागे घेतल्याचे त्या कार्यालयाला लेखी कळवले आहे. तो नकाशा आता रद्दी आहे. समितीने चौथरा रद्द करून अठ्ठ्याण्णव वाशांची ऑर्डर द्यावी. विक्रेत्याने दिलेला दर ३१ ऑगस्टपर्यंतच कायम आहे. तसे होणार नसेल तर पन्नास वाशांवर सही करणारा दुसरा इंजिनिअर समितीने खुशाल शोधावा. मात्र सही घेण्याआधी त्याला सोबतचा तिसरा कागद वाचायला द्यावा, आणि देण्याआधी आपणही एकदा वाचावा.

आजवर नम्र राहिलेली,
कांचन विध्वंस
आजीव सभासद

सोबत :
१. मूळ नकाशा, वासे अठ्ठ्याण्णव.
२. दाखल केलेला नकाशा, वासे पन्नास, शिक्का चोरीचा.
३. तळघरात बसणार असलेल्या बालवर्गातील बावीस मुलांची नावे. अकरावे नाव आन्याचे आहे, आपल्या नातीचे.