सुपरवायझरची खुर्ची

ती. बाबांना लांबूनच नमस्कार.

मी बरी आहे. आईचा खोकला थांबला का? दिवसभर मशीनपाशी उभं राहून माझे पाय सुजतात, एवढंच.

काल साहेबांनी चहा मागवला आणि सुपरवायझर करतो म्हणाले. आता बसून काम. पण सुपरवायझरला युनियनमध्ये राहता येत नाही. गळत गळत आम्ही सातच उरलोय, आणि सातांपेक्षा कमी झालो तर कायद्याने युनियनच राहत नाही. सोमवारी पगारवाढीची बोलणी आहेत. साहेबांना माझ्या पायांचा कळवळा आत्ताच का आला, ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्हीही अशीच खुर्ची घेतली होती. त्यानंतर तुमच्या युनियनमधले समोरचे काका आपली पायरी कधी चढले नाहीत. दोष देत नाही, त्याच पगारावर मी शिकले.

आईला खुर्चीचं सांगू नका. उगाच आनंद होईल तिला.

तुमची थोरली